ओली रेघ

संगमरवराची लादी निवडताना मी तिच्यावर तांब्याभर पाणी ओततो. लादी वाळत जाते, पण तडा असेल तिथे ओली रेघ मागे राहते. ती दाखवून मी भाव पाडत आलो. घरीही खोट शोधायची सवय सुटली नाही.

परवा मुलगा वेगळा झाला. "बाबा, एकदा तरी मला चांगला म्हणालात का?"

"पाठीवर लाद्या वाहून हे घर उभं केलं मी! जा, अडवतंय कोण?"

आज त्याच्या रिकाम्या खोलीत पाणी ओतलं. ही फरशी त्यानेच निवडलेली, आणि मी तिला दुय्यम म्हणून हिणवलेलं. एक तरी रेघ दिसू दे, म्हणत गुडघे टेकून बसलो.

फरशी वाळली, आणि रेघ कुठेच नव्हती.