घरी बसलेला मुलगा

माझी नोकरी गेली, ही बातमी मला सोडून अख्ख्या गावाला माहीत होती.

चूक माझ्याच तोंडातून निघालेल्या एका शब्दाची. आईच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि बाबांची पाककला चहापाशी संपत होती (चहाबद्दलही दुमत होतं). म्हणून मी पुण्याच्या कंपनीत गयावया करून महिनाभर घरून काम करायची परवानगी काढली. दहा-बारा वर्षांपूर्वी हे प्रकरण नवीनच होतं. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, चोरखमाऱ्याजवळच्या आमच्या गावात लॅपटॉप घेऊन उतरलो आणि बाबांना ऐटीत म्हणालो, "आता मी घरी बसूनच काम करणार."

बाबांनी त्यातलं 'घरी बसून' तेवढं ऐकलं. आमच्याकडे ग्रामसेवक निलंबित झाला की लोक म्हणतात, "घरी बसला."

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त माझ्या भातावर तूप वाढू लागलं. मी याला बापाची माया समजत होतो. ते सांत्वन होतं.

त्यात इंटरनेटच्या डोंगलची काडी चाले फक्त सपरीत, म्हणजे रस्त्याकडेच्या पडवीत. तिथे मी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा वेशात सकाळपासून बसलेला. शेजारच्या शांताकाकूंनी चार दिवस पाहिलं आणि बाबांना गाठलं.

"भाऊ, पोट्टा एकटाच बोलून राह्यला जी. मधातच सॉरी सॉरी म्हनते."

"धक्का बसला त्याले," बाबा म्हणाले.

महिना संपला. मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, सगळ्या टीमसमोर व्हिडिओ कॉलवर ठरवणार होत्या की मला आणखी तीन महिने द्यायचे की नाही. नाही म्हणाल्या असत्या तर सोमवारी पुण्यात हजर. आणि आईने अजून जमिनीला पाय लावला नव्हता.

मी बोलायला तोंड उघडलं आणि नेमके बाबा धानाच्या बांधीवरून आले. पडद्यावर बाईमाणूस दिसताच त्यांनी ओळखलं की पोराला काढलं ते हिनेच. डोक्याचा दुपट्टा काढला, हात जोडले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"नमस्कार मॅडम. याचा बाप बोलून राह्यलो."

आवाज बंद करायचा सोडून मी घाबरून इअरफोनची वायर उपसली. आता पुणं सगळ्या गल्लीला ऐकू येऊ लागलं.

"नमस्कार काका, बोला ना."

"याले वापस घ्या."

"परत? ऑफिसला?"

"हो जी. इथं काईच काम नाई त्याले. महिना झाला, खाते आन् या डब्ब्याकडे पाहात बसते."

पडद्यावरचे नऊ चेहरे आनंदाने उजळले. मॅडमचा सोडून.

"बाबा, थांबा," मी म्हणालो.

"तू चूप राय. मॅडम, पोट्टा हुशार हाय. थोडा आळशी हाय, पन चोर नाई."

महिनाभराची माझी मेहनत बाबा मोठ्या मायेने मातीत घालत होते. तेवढ्यात आतल्या खाटेवरून आईचा आवाज आला.

"काऊन त्या बाईच्या पाया पडून राह्यले? नोकरी हाय त्याची! मले उठवते, खाऊ घालते, मंग कामाले बसते. दिवसातून दहा खेप सॉरी म्हनते. नोकरी नसती तं सॉरी कायले म्हनला असता?"

मॅडम हसल्या. गेल्या महिनाभरातले बहुतेक सॉरी त्यांच्याच वाट्याचे होते.

"आई चालायला लागल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग लागू देत. तीन महिने राहा तिथेच."

कॉल संपला. मी टेबलावर डोकं टेकलं. बाबा बराच वेळ दुपट्ट्याची घडी घालत राहिले.

"मंग नागझिऱ्याच्या गेटवर काय सांगू?"

"कसलं गेट?"

"तुह्यासाठी गाइडच्या कामाचा शब्द टाकला होता."

गुडघे धरलेले असताना बाबा सायकलने तिथवर गेले होते. धानाला पाण्याची पाळी हवी म्हणूनही ज्यांनी कधी कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही, ते माझ्यासाठी जाऊन आले होते. मला भरून आलं, आणि मी ते लपवलं नाही.

रविवारी दोघे मिळून गेटवर माफी मागायला गेलो. तिथले म्हातारे गाइड म्हणजे भला माणूस. आलाच आहे तर पाहू म्हणून त्यांनी चिखलातला एक ठसा दाखवला. "सांग बरं, कोन गेलं?"

"बिबट," मी छातीठोकपणे म्हणालो.

गेटवरचं कुत्रं माझ्या शेजारीच उभं होतं, चिखलाच्या पायांनी.

गाइडनी बाबांना बाजूला घेतलं, पण आवाज काही लहान केला नाही.

"भाऊ, याले घरीच बसू द्या. जंगलात सोडला तं आमालेच शोधाले जा लागन."