परत केलेलं वाण

हळदीकुंकवाचं ताट माझ्या मायपर्यंत आलं आणि पुढे गेलं.

थांबलं नाही. मायच्या डावीकडे आमच्या गल्लीतली सुमनअक्का बसलेली, तिला कुंकू लागलं. उजवीकडच्या बाईलाही लागलं. मधे माय. कपाळ जरासं पुढे केलेलं, ते तसंच राहिलं. कुंकू लावणारी बिल्डरची बायको. तिला आम्ही सगळ्यांनी वहिनी म्हणायचं, असं गेटवरच सांगितलेलं. वहिनी मायकडे बघून छान हसल्या. तेवढंच.

ताटामागून त्यांच्या ऑफिसातली मॅडम येत होती, हातात रजिस्टर. ती मात्र मायपुढे थांबली.

'मावशी, वाण मिळाल्याची सही करा हं इथे.'

वाणाचा स्टीलचा डबा मायपुढे ठेवला आणि पेन तिच्या हातात दिलं. म्हणजे कुंकवासाठी माझी माय विधवा. सहीसाठी चालते!

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. माझं डोकं भणभणलं. पण खरं सांगते, मला आश्चर्य वाटलं नाही. मी बिल्डरच्या त्या क्लबहाऊसात पाय ठेवला तोच संशय घेऊन.

आमची गल्ली जळगावात, जुन्या डाळमिलच्या मागे. माझा बाप त्या मिलमध्ये हमाल होता, माय तिथेच डाळ निवडायची. बाप गेला, मिल बंद पडली, जागा विकली गेली, आणि तिथे बारा मजली टॉवर उभा राहिला. टॉवर आणि मेन रोड यांच्या मधे आमची गल्ली. त्यांना मोठा रस्ता पाहिजे आणि मधे आम्ही. एवढी साधी गोष्ट आहे. पण ती त्यांनी आम्हाला कधी साधेपणानं सांगितली नाही. ते आधी गोड बोलत आले.

पहिल्यांदा त्यांनी गल्लीतली घरं फुकट रंगवून दिली. सगळी गल्ली खूश. मी बघितलं तर फक्त टॉवरकडून दिसतात त्याच भिंती रंगवलेल्या. आमच्या घराची एक भिंत गुलाबी, बाकी तीन होत्या तशाच. मग गल्लीच्या तोंडाशी कुंड्या आल्या, आणि कुंड्यांपाठोपाठ वॉचमन. एक दिवस कामावरून घरी येत होते तर तो मलाच विचारतो, 'कोणाकडे जायचंय?'

'माझ्याकडेच,' मी म्हटलं. 'तुम्ही कोणाकडे आलात?'

माय म्हणायची, 'तू तं देवले बी आधार कार्ड मांगशी.' मांगेन. मी तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. बारावीनंतर तिथेच लागले. रोज लोक माझ्यासमोर रडतात, 'ताई, मी तर नुसती सही केली होती.' भाऊ रडतात, विधवा रडतात, शिकलेले मास्तरसुद्धा रडतात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं. मी तर रोज दुसऱ्यांची पोळलेली तोंडं बघते.

आणि मग संक्रांतीनंतर वहिनींच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं. छापील कार्ड. त्यावर मायचं नाव.

माय कार्ड हातात घेऊन उंबऱ्यातच बसली. बाप गेल्याला अकरा वर्षं. या अकरा वर्षांत तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. आमच्याच गल्लीनं नाही. सुमनअक्का दर संक्रांतीला दारोदार बोलावणं करत जायची आणि आमच्या दारापुढून चप्पल न वाजवता निघून जायची. त्या दिवशी माय स्वतःहून दार लोटून घ्यायची, म्हणजे समोरच्याला ओशाळवाणं नको. लहानपणी मला वाटायचं तिला ऊन लागतं.

'माले बी बलावनं शे, पोरी!' ती म्हणाली. तिचं माहेर धुळ्याकडचं, तिकडची बोली अजून तोंडात आहे. डोळ्यांतून पाणी चाललेलं. 'मोठी मान्सं शेत. त्यास्ना मनमां असलं काही नई.'

तिचा आनंद मोडायची माझी छाती झाली नाही. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. हिलाच का? शेजारच्या खोलीत कमलमावशी राहते, तीही विधवा. तिला कार्ड नाही. पलीकडच्या दोघी सवाष्णी आहेत, त्यांनाही नाही. मी संध्याकाळी गल्लीभर हिंडले. ज्यांना कार्ड नाही ती सगळी भाडेकरू. ज्यांच्या घराला स्वतःची घरपट्टी, त्यांनाच कार्ड. आमची घरपट्टी बापाच्या मागे मायच्या नावावर झालेली.

असं हळदीकुंकू बघितलंय का कोणी? आमच्याकडे बोलावणं उंबरठा बघून होतं, कपाळ बघून होतं. यांनी घरपट्टी बघून केलं.

मायला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. 'तुले कोनाचं चांगलं दिसतच नई!' म्हणाली. ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं. मी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि तिच्यामागे गेले.

क्लबहाऊसात सोफे होते. आम्हाला सांगितलं, 'तिकडे सतरंजीवर बसा हं, सोफे नवे आहेत.' बायका सतरंजीवर बसल्या. माय तर इतकी हरखलेली की तिला उघड्या फरशीवर बसवलं असतं तरी चाललं असतं. आणि मग ते ताट आलं. आणि पुढे गेलं.

मायनं पेन धरलं. सही तिला मीच शिकवलेली. बँकेत अंगठा लावताना तिला लाज वाटायची म्हणून चार महिने पाटीवर घोटून घेतलेली. ती रजिस्टरवर वाकली, तशी मी सतरंजीवरच्या बायका ओलांडत पुढे गेले आणि पानावर हात ठेवला.

'आधी वाचू द्या.'

मॅडम म्हणाली, 'अगं, नुसती वाणाची यादी आहे.'

वाणाची यादी वरच्या चार ओळींत होती. पानाचा मधला भाग घडी घालून क्लिपनं दाबलेला, घडीखाली सह्यांची जागा. मी क्लिप काढली. मी असली पानं रोज शंभर काढते, मला घडी कळते. घडीत लिहिलेलं होतं की घर रिकामं करून दुसरीकडे जायला माझी संमती आहे, कसलीही तक्रार नाही. ज्यांची घरं नवऱ्यांच्या नावावर, त्यांच्यापुढे नवऱ्याचं नाव आधीच टाइप केलेलं आणि 'करिता पत्नी'. निम्म्या जणींनी केव्हाच सह्या ठोकलेल्या. सुमनअक्काची सगळ्यात वर.

मी ते मोठ्यानं वाचलं. कोर्टात असला कागद टिकेल न टिकेल. पण दुकानात शिकले ते हेच, की कागद टिकावा लागत नाही, घाबरवायला पुरला की झालं.

वहिनी हसूनच म्हणाल्या, 'कार्यक्रमात कसले वाद? तुझ्या आईला आम्ही मान देऊन बोलावलंय. आम्ही जुनं काही मानत नाही.'

मला बोलायचं होतं. पण माय उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आत्तापर्यंत ती माझ्याकडे रागानं बघत होती. आता तिनं वहिनींकडे बघितलं.

'मानत नई ना, ताई? मंग माले कुंकू लावा. आदी कुंकू, मंग सही करसु.'

लावलंच कुंकू तर? माय शब्दाची पक्की. एक बोट कपाळाला टेकलं असतं आणि आमचं घर गेलं असतं. वहिनींना तेवढंच करायचं होतं. करंडा हातात होता.

त्यांचा हात हलला नाही.

त्यांनी मॅडमकडे बघितलं, सुमनअक्काकडे बघितलं, गल्लीतल्या सगळ्या बायकांकडे बघितलं. बायका खाली बघत होत्या. एकीनंही 'लावा ना' म्हटलं नाही. मला वहिनींची चीड आली, पण त्या खाली घातलेल्या मानांची जास्त आली. आजही येते.

मायनं पेन रजिस्टरवर ठेवलं, सवयीनं वाणाचा डबा उचलला. 'चाल पोरी,' म्हणाली. मी आधी पानाचा फोटो काढला. मॅडम 'ए, ए' करत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या पानाच्या झेरॉक्स मी दारोदार वाटल्या. भाडेकरूंनासुद्धा. सह्या फसवून घेतल्या, असा तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. काहींनी त्यावर नावं घातली, काही म्हणाल्या, 'नवऱ्याला विचारते.' एकीनं दारच उघडलं नाही. आतून नव्या स्टीलच्या डब्याचं झाकण वाजलं.

संध्याकाळी सुमनअक्का आली. हातात कुंकवाचा करंडा. 'बस गं, तुला लावते,' मायला म्हणाली. रडत होती.

मायनं तिला चहा दिला. कुंकू लावून घेतलं नाही. 'अकरा वरीस कोठे व्हती तू?' एवढंच विचारलं. 'अर्जावर नाव टाक आदी.'

सुमनअक्कानं नाव टाकलं.

वाण परत करत नसतात. घेतलेलं वाण परत दिलं तर घराचं वाईट होतं, असं आमच्या बायका मानतात, आणि माय तर सगळ्यात जास्त मानणारी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो डबा घासला, पुसला, आणि भर उजेडात, सगळी गल्ली बघत असताना, टॉवरच्या गेटवर नेऊन वॉचमनच्या टेबलावर ठेवला. वॉचमननं विचारलं, 'कोणाकडे जायचंय?'

'कोठेच नई,' माय म्हणाली.

आता अर्जाची पोच माझ्याकडे आहे, तारखेच्या शिक्क्यासह. ते परत येतील, मला माहीत आहे. कधी आरोग्य शिबिर घेऊन, कधी पोरांना वह्या घेऊन, कदाचित या वेळी खरंखुरं कुंकू घेऊनसुद्धा. गल्लीतलंच कोणी त्यांचं बोट धरून आणेल, हेही मी धरून चालले आहे. दारात कोणीही येऊ दे, कितीही गोड बोलू दे. मी हात पुढे करणार आणि आधी कागद मागणार. उभ्याउभ्या, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. आणि घर सोडणार नाही.