ज्वारीचे चार दाणे

तळोद्याच्या एका मोटार मिस्त्रीला ऐकू कमी येतं. डॅशबोर्डात रेडिओचा स्पीकर बसवण्याआधी तो रेडिओ लावून स्पीकरच्या कागदी पडद्यावर ज्वारीचे चार दाणे टाकतो. दाणे नाचले की खूश होऊन ओरडतो, "बोलना रे, बोलना!" म्हणजे, स्पीकर बोलला.

सात वर्षांपूर्वी त्यानं आमच्या शेठच्या जुन्या मोटारीत स्पीकर बसवला. मी ड्रायव्हर. उगाच उघडून बघताना माझा पेचकस लागून कागद फाटला, आणि मी शेठना सांगितलं, मिस्त्रीनंच फाटका बसवला. शेठनी त्याला काम देणं बंद केलं. तरी रस्त्यात भेटला की तो विचारायचा, "गाडी बरी शे ना, भाऊ?" मी मान खाली घालायचो.

परवा स्पीकर पुन्हा बदलायचा होता. मी शेठना खरं सांगितलं. ते खूप बोलले, मग म्हणाले, "त्याच्याकडंच ने."

मिस्त्रीलाही ते खरं मोठ्यानं सांगावं लागलं. रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले.

"माले तवयच समजनं व्हतं," तो हसला. "फाटेल कागदवर दाना नाचतस का?"

नव्या स्पीकरवर दाणे नाचले. त्यानं पेचकस माझ्या हातात दिला. "आते तूच बसाड."

आणि मागं न बघता चहा सांगायला गेला.