भरल्या पोटाचं उपोषण

उपोषणाला बसून अजीर्ण झालेला आमच्या भागातला मी एकटाच माणूस असेन.

मला दोन लेकी. थोरली सुमन शिरूरच्या शाळेत बाई, धाकटी रेखा दौंडला रेल्वे कॉलनीत. आमच्या विहाराच्या भिंतीवर लिहिलंय, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. थोरलीनं पहिलं उचललं, धाकटीनं शेवटचं. मधलं भिंतीवरच राहिलं. वस्तीला नळ पाहिजे हे दोघींना मान्य. पण सुमन अर्ज देणार, परत अर्ज देणार. रेखा रस्त्यात हंडे मांडून बसणार. त्यावरून वर्षभर अबोला. निरोप माझ्यामार्फत. (चौथी नापास माणसाला पोस्टमनची नोकरी लागली, तीही बिनपगारी.)

एक दिवस सुमनचा फोन. पाणीपुरवठ्याचे साहेब सोमवारी वस्ती बघायला येणार, जेवण आपल्या घरी. मी म्हणालो, येऊ दे. लगेच दुसऱ्या दिवशी रेखाचा. सोमवारी आपल्या दारात उपोषण, आणि बसायचं आबांनी! त्यालाही व्हय म्हणालो. एकीला हो आणि दुसरीला नाही, हे बापाला शोभतं का?

बायको म्हणाली, "अवो, एकाच दिवशी जेवायचं बी आन् उपाशी बी?"

मी म्हणालो, "तुला राजकारण कळत न्हाई."

सोमवारी मांडवात बसलो. मला साखरेचा आजार, त्याची गोळी उपाशीपोटी चालत नाही म्हणून बायकोनं गोठ्यामागं नेऊन दोन भाकरी चारल्या. थोड्या वेळानं रेखा आली आणि इकडंतिकडं बघत सतरंजीखाली केळी सरकवून गेली. (लढा लढ्याच्या जागी, बाप बापाच्या जागी.) भाकरीचं सांगून तिचं मन कशाला मोडा? केळीही खाल्ली.

तेवढ्यात जीप आली. मांडव बघून सुमन खांबासारखी उभी. साहेब भला माणूस. हातपाय धुऊन ताटावर बसला आणि म्हणाला, घरधनी पंगतीला आल्याशिवाय मी घास घेणार नाही. पाहुणा ताटावर खोळंबलेला आणि घरधनी दारात फलकाखाली! सात पिढ्यांत असं झालं नव्हतं.

वर्षानं दोघी समोरासमोर आल्या.

"साखरेच्या माणसाला उपाशी बसवलंस व्हय गं?"

"तुझ्या अर्जानं नळ आला असता तर कशाला बसवलं असतं?"

"नळ न्हाई, पण साहेब तर आणला का न्हाई?"

रेखानं ताटावर खोळंबलेल्या साहेबाकडं एकदा बघितलं. मग हळूच म्हणाली, "ताई, नळ कवा देणार ते त्यांना सगळ्या बायांसमोर बोलायला लाव. मी आबांना उठवते."

सुमन आत गेली, साहेबाला घेऊन आली. साहेबानं सगळ्यांदेखत शब्द दिला, मला लिंबूपाणी पाजलं. टाळ्या पडल्या. मग पंगत. "आबा सकाळपासून उपाशी हायत," म्हणत साहेबच माझ्या ताटात भाकरी वाढायला लागला. दारात बाया पदरानं डोळे पुसत उभ्या. नको म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी दवाखान्यात सलाईन. एका बाजूला सुमन, एका बाजूला रेखा. डॉक्टरनं विचारलं, उपोषणाचा अशक्तपणा का? बायकोनं गोठ्यापासून पंगतीपर्यंत सगळं सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. दोघी बहिणी माझ्या पोटावरून एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या.

नळ आला. आता दोघी रोज फोनवर भांडतात, पण थेट एकमेकींशी. एका ठरावावर मात्र दोघींचं एकमत झालंय म्हणे. पुढचं आंदोलन असो नाही तर अर्ज, आबांना कळू द्यायचं नाही. मला हे बायकोनं सांगितलं. तिला कमिटीवर घेतलंय.