फोनवरची बाई

मला गप्प बसता येत नाही. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीने मला कामावर ठेवलं ते याच गुणावर. शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे आणि त्यांच्या तक्रारी ऐकायच्या, हे माझं काम. काढलंही याच गुणावर! चार महिन्यांचा पगार थकला होता. मी सगळ्यांसमोर मॅनेजरसाहेबांना विचारलं, "पगार कधी देणार?" दुसऱ्या दिवशी बदनापूरहून नेहमीसारखी गेले, तर गेटवर वॉचमनकाकांनी मान खाली घातली. "ताई, तुमाला आत सोडू नका म्हणलेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. दुसरी भेटंल नोकरी."

"भेटंल की. पण हीबी माझीच हाय." आणि मी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज ठोकला. थकलेला पगार द्या, कामावर परत घ्या.

सुनावणीच्या तारखेला मॅनेजरसाहेब कडक इस्त्रीत आले. अधिकारी मॅडमपुढे बसून शांतपणे म्हणाले, "या बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हत्या."

नेमणुकीचं पत्र कधी दिलंच नव्हतं, पगार रोख पाकिटात. एवढ्या वर्षांची मी एका वाक्यात गायब!

"काही पुरावा आहे का?" मॅडमनी मला विचारलं.

"कंपनीला फोन लावा मॅडम. स्पीकरवर ठेवा."

साहेबांचा चेहरा उतरला. कंपनीचा फोन आधी उचलणाऱ्या मशीनसाठी आवाज हवा होता, तेव्हा पुण्याहून रेकॉर्ड होऊन आलेला आवाज त्यांनीच नापसंत केला होता. आपल्या लोकांना आपल्यासारखं बोलणारी पाहिजे, म्हणून मला माइकपुढे बसवलं होतं. मला काढलं, पण आवाज काढायचं राहून गेलं.

रिंग वाजली. "राम राम! बियाणं पायजे आसंल तर एक दाबा. तक्रार आसंल तर दोन दाबा, बिलकुल लाजू नका!"

"आता तुम्ही म्हणा," मॅडम मला म्हणाल्या. मी म्हणाले, अगदी तस्संच. दारातला शिपाई फिस्सकन हसला.

"कामाला नव्हत्या, तर यांचा आवाज तुमच्या फोनवर कसा?" मॅडमनी विचारलं.

साहेब एकदम मऊ झाले. "ताई, सगळा पगार देतो, इथंच मिटवू. आवाज तेवढा राहू द्या. शेतकऱ्यांना सवय झालीय."

"आवाज ठेवायचा आसंल तर बाईबी ठेवा लागंल, साहेब."

मॅडमनी तसंच लिहिलं आणि साहेबांना सही करायला लावली.

पगार हातात पडला आणि मी पुन्हा माझ्या खुर्चीवर बसले. पहिला फोन केदारखेड्याच्या एका शेतकरीदादांचा. मशीनचं ऐकून दादांनी दोन दाबलं, मी उचलला. "राम राम दादा, बोला."

दादा म्हणाले, "मशीनच बोलून राह्यलं का अजून?"

"न्हाई दादा, बाई हाय. आन् आता इथून हालत न्हाई."