कॅमशाफ्टला लागलेलं कुंकू

बायकोचं माहेर तिकोणा गडाच्या पायथ्याच्या गावातलं, तिकोणा पेठेतलं. घराच्या दारात पोचायच्या आधी एक चढ लागतो आणि तिथं माझी मोटारसायकल हमखास रडायची. अर्ध्यावर मला मान वळवून म्हणावं लागे, "जरा उतरतेस का?" ती उतरायची, ओढणी कमरेला बांधायची आणि चालू लागायची. सासरे ओट्यावर बसलेले असत. त्यांना आधी गुरगुरणारा मी दिसायचो आणि बऱ्याच वेळानं घामाघूम झालेली त्यांची लेक.

"गाडी आजारी हाय का, जावईबापू?" ते दरवेळी विचारत. मी हसून वेळ मारून नेत असे, पण आतून जळायचो.

मागच्या दसऱ्याच्या आधी बायकोनं लोणावळ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता निकाल दिला. "लग्नाआधी मी आबांच्या गाडीवर दुधाचे कॅन घेऊन तो चढ चढायची. तुमच्या गाडीला मी एकटी झेपत न्हाई. या दसऱ्याला उतरवलं ना, तर पुढल्या वेळेपासून मी वाटेतल्या पवनानगरातनं जीपनं जाणार. तुमी या मागनं."

नवी गाडी घ्यायला माझा जीव होत नव्हता. ही गाडी मी लग्नाच्या आधीपासून जपलेली. बायकोच्या मते लग्नापेक्षा जास्त. मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शहाणा झालो आणि नवा कॅमशाफ्ट मागवला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या डोक्यात फिरणारा दांडा. त्याच्यावरच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटे मोठे, तर इंजिनचा श्वास मोठा. विकणाऱ्यानं लिहिलं होतं, 'ताकद वाढते'. त्याच्या खाली आणखी दोन ओळी होत्या, पण मला हवं ते मिळालं होतं, मग कशाला वाचतोय.

सुट्टी बघून मी नेमकं खंडेनवमीलाच इंजिन उघडलं. दांड्याच्या टोकाला दातेरी चक्र असतं आणि त्यावर साखळी बसते. कुठली कडी कुठल्या दात्यावर, हे एका दात्यानंही चुकून चालत नाही. म्हणून मी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका कडीवर आणि एक दात्यावर दिला. चक्र सोडवून पेपरवर ठेवलं आणि चहा प्यायला आत गेलो.

तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन पडवीत आली. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. तिनं पान्यांना हळदकुंकू वाहिलं, पकडीला वाहिलं, आणि गाडीचं पोट उघडं पडलेलं बघून तिला दया आली असावी. तिनं चक्रालाही बोट लावलं. हळद तेलात दिसेनाशी झाली. कुंकू राहिलं.

मी परत आलो तेव्हा चक्रावर माझा बारीक ठिपका तेलाच्या थराखाली गेला होता आणि आईचा शेजारच्या दात्यावर ठसठशीत दिसत होता. मी ठसठशीत ठिपक्यावर विश्वास ठेवला. नवा कॅमशाफ्ट बसवला, साखळी जुळवली, झाकण लावलं आणि किक मारली. गाडी फट् करून पेटली, फट् करून शिंकली, आणि तिसऱ्या फट्ला शेजाऱ्यांची मांजर जी पळाली ती संध्याकाळपर्यंत आली नाही.

"आवाज दणकट येतोय रे," आई कौतुकानं म्हणाली.

पुन्हा सगळं खोललं. चक्रावर पेट्रोलचं फडकं फिरवलं आणि खूण माझ्या बोटावर आली. मी बोट हुंगलं. इतका राग आला होता, पण रागावणार कुणावर? आई आधीच माझ्यावर रागावली होती.

"सणासुदीला कुंकू पुसतोस?"

शेवटी असं ठरलं की तिनं हवं तितकं कुंकू टाकीला लावावं. या वेळी साखळी बरोबर बसली. मग ट्यूनिंग. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर, पुन्हा आत. बायको दारात उभी राहून स्क्रूचे फेरे मोजत होती, हे जास्त कठीण होतं. गाडी संथ राहीना, रेस सोडली की बंद पडे. पण सपाट रस्त्यावर काढली तेव्हा अशी सुटली की मी हेल्मेटच्या आत एकटाच हसलो. खरंच फार आनंद झाला होता.

दसऱ्याच्या सकाळी टाकीवर टिळा, हँडलला झेंडू, मागे बायको आणि तिच्या मांडीवर आपट्याची पानं, असे निघालो. पेठेचा चढ आला. गाडी हळू झाली आणि तिच्यातला जीव गेला. त्या न वाचलेल्या दोन ओळी मला त्या क्षणी कळल्या. या कॅमचा जोर इंजिन जोरात फिरतं तेव्हाचा; सावकाश चढताना मात्र हा कॅम होता तो जोरही कमी करतो. चढाच्या मधोमध आम्ही थांबलो.

मी मागे बघायचं टाळलं. ती उतरली नाही.

"मी काय आता उतरणार न्हाई," ती म्हणाली. "तुमी उतरा."

मी उतरलो. ती पुढे सरकली, पानांची पिशवी हँडलला अडकवली, ओढणी बांधली, किक मारली, पहिला गिअर टाकला आणि रेस अशी पिळली की इंजिन एकदाचं त्याच्या आवडीच्या आवाजात ओरडायला लागलं. क्लच सोडून ती वळणाआड गेली. मी चालू लागलो. तो चढ इतका लांब आहे हे मला माहीतच नव्हतं.

वर पोचलो तेव्हा ती गाडीवरच बसून होती, गाडी बंद पडू नये म्हणून रेस धरून. सासऱ्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी बरी झाली म्हणायची," ते म्हणाले. "पन तुमी आजारी हाय का, जावईबापू?"

उत्तर बायकोनंच दिलं.

"आजारी न्हाई, आबा. चढाला जरा उतरवावं लागतं त्यांना."