वधूपित्याचं पित्त

मुलीला बघायला कन्नडहून पाहुणे येणार होते आणि नेमका त्याच सकाळी माझा घसा बसला. वधूपित्याला त्या दिवशी आवाज लागतो. मुलीचं कौतुक मोठ्यानं करायचं असतं, आणि देण्याघेण्याचा विषय निघालाच तर नकार त्याहून मोठ्यानं द्यायचा असतो.

आमच्याकडं डॉक्टरच्या आधी ताईकडं जायची पद्धत आहे. ही माझी थोरली बहीण पडेगावला राहते. तिच्या पर्समध्ये अख्ख्या खानदानाच्या उरलेल्या गोळ्या असतात. आमच्यात औषधाचा कोर्स कुणीच पूर्ण करत नाही, त्यामुळं साठा कधी संपत नाही.

"घशात जंतू झालेत तुझ्या," तिनं माझं तोंडही न उघडता सांगितलं. "ही घे. तुझ्या दाजींच्या दाढेला लई गुण आला हिचा."

गोळी पेनिसिलिनच्या भावकीतली होती. मागं कधीतरी मी असलीच घेतली होती आणि काही झालं नव्हतं. गिळून टाकली आणि ताईला घेऊनच घरी आलो.

पाहुणे आले. पोह्यांच्या बशा फिरत होत्या तेवढ्यात माझे तळहात खाजायला लागले, मग पोट, मग पाठ. पाहुण्यांसमोर वधूपित्यानं कुठवर खाजवावं याचे काही संकेत असतात. ते मी थोडा वेळ पाळले. मग अंगभर लाल गांधी उठल्या.

"पित्त उठलंय," मुलाची आई म्हणाली.

"व्हय, पित्तच," आमची ताई म्हणाली.

दोन्ही घरांचं इतकं झटकन एकमत झालं, की मला लग्न ठरल्यासारखंच वाटलं. आमसुलाचं पाणी आलं. ताईनं ते चोळून वर घोंगडी गुंडाळली. भर उन्हाळ्यात मी घोंगडीतून मुलाला त्याच्या नोकरीबद्दल विचारत होतो.

हळूहळू ओठ सुजले. श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली. आता मात्र मी मनातून टरकलो. पण बैठक मोडली तर पोरीचं स्थळ जाईल, म्हणून हसत राहिलो. ते हसणं बघून पाहुणे आपापल्या बशीत बघू लागले.

मुलगी चहा घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली.

"बाबा, श्वास लागतोय?"

"नाय गं, पित्त..."

"आत्यानं गोळी दिली ना?" तिनं ट्रे मुलाच्या हातात ठेवला आणि माझी घोंगडी ओढून काढली. "आई, गाडीची चावी!"

"अगं, पाहुणे बसलेत," ताई म्हणाली.

"बसू दे."

मुलगा ट्रे घेऊनच उठला. "तुमच्या गाडीला आमची जीप आडवी आहे. तीच काढतो."

"आधी लिंबूपाणी पाजून बघू," त्याचे वडील म्हणाले.

"अण्णा, गप बसा."

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन बसलं आणि थोड्या वेळानं शिट्टी थांबली. मग डॉक्टरीणबाईंनी माझा घसा बघितला.

"जंतू घशाला चिकटतात, वाढतात, विष सोडतात, तेव्हा असली गोळी लागते. तुम्हाला साधी सर्दी आहे."

"मग हे पित्त?"

"पित्त नाही, औषधाची अ‍ॅलर्जी. मागच्या वेळी तुमच्या शरीरानं गोळीला शत्रू म्हणून ओळखून ठेवलं. या वेळी हल्ला केला. घोंगडीत आणखी बसला असतात, तर उठला नसतात."

म्हणजे खरा शत्रू आलाच नव्हता. माझ्या फौजेनं एका निरुपद्रवी गोळीवर तोफा डागल्या आणि त्या धुरात माझाच श्वास कोंडला. माझ्या अंगात इतकं तडफदार काही असेल, असं बायकोलाही कधी वाटलं नव्हतं.

ताई बाहेर बाकावर रडत बसली होती. मला रात्रभर तिथंच ठेवणार होते. मुलगी पैठणी सावरत खाटेशी बसली.

"पाहुणे गेले?" मी विचारलं.

"अण्णा रागावून एसटीनं गेले. काकूंनाही घेऊन गेले. तो बाहेर उभा आहे."

"माझ्यामुळं मोडलं ना सगळं?"

"बाबा, तुम्ही डोळे मिटून पडा. मी त्याला आत बोलावते."

मी डोळे मिटले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"वडिलांना नेहमी असंच गप करता का?" तिनं विचारलं.

"आज पहिल्यांदाच," तो म्हणाला. "घरी जायचं धाडस होईना, म्हणून थांबलोय."

ती हसली. वधूपित्याचं कर्तव्य म्हणून मी डोळे घट्ट मिटून ऐकत राहिलो.